हाक मालकिणीनं मारायची

आई शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहून ताटं वाजवत होती.

एक ताट उचलायचं, बोटाच्या पेरानं मधोमध ठोकायचं, कान लावायचा, नाक मुरडायचं आणि खाली ठेवायचं. अशी तिनं आठ-दहा ताटं वाजवली. मुख्याध्यापिका कालिंदीताई आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मथुराबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना वाटलं असणार, बाई ताटं स्वच्छ घासलीत की नाही ते बघतेय.

"पत्रा हाय नुसता," आई म्हणाली. "कुनाकडनं घेतली?"

"देणगी आहे ती," कालिंदीताई म्हणाल्या. त्या इतकं हळू बोलायच्या की समोरच्याला वाटावं, बाजूच्या खोलीत कुणी आजारी झोपलंय.

"गंडवलं तुमास्नी. वरसात कड उलटंल, पोरींची बोटं कापतील. सांगून ठेवते."

मथुराबाईंचा चेहरा पडला. तीन ताटांची कड आधीच उलटली होती आणि ती त्यांनी फडताळाच्या मागे दडवून ठेवली होती, हे मला पुढे कळलं.

आता दुसरी एखादी मुलगी असती तर आईच्या या वागण्यानं लाजून चूर झाली असती. मी मात्र खूश होते. माझी आई हौसाबाई पाचंगे ही बोहारीण. पुण्याच्या पेठांमधून डोक्यावर स्टीलच्या भांड्यांचं टोपलं आणि काखेत जुन्या कपड्यांचं बोचकं घेऊन फिरायची. कपडे घ्यायचे, भांडी द्यायची. चौथीत होते तेव्हापर्यंत मी तिच्यामागे किमान पाचशे वाडे-बिल्डिंगा चढले असेन. आणि आमच्या धंद्यातला पहिला धडा असा, की माल पसंत पडला की आधी त्याची खोड काढायची. साडी आवडली की म्हणायचं, पदर विरलाय. पँट आवडली की बुडाशी धरून ताणायची आणि उजेडात बघून सुस्कारा सोडायचा. त्यामुळे आईनं ताटांना पत्रा म्हटलं तेव्हा मी मनात म्हटलं, चला, आईला शाळा आवडली.

आणि ती आवडणं माझ्यासाठी जीवनमरणाचं होतं. आमची वस्ती कॅनॉलच्या कडेला. एका खोलीत आम्ही पाच जण आणि सहावं भांड्यांचं पोतं. मी त्या पोत्याला टेकून झोपायची. कूस बदलली की आतले तीन डबे वाजायचे आणि बाबा झोपेतच ओरडायचे, "कोन गिऱ्हाईक आलंय?" म्युनिसिपालिटीच्या शाळेत मी आठवड्यातून तीन दिवस जायची, बाकीचे दिवस टोपल्याबरोबर. आमचे हुपरीकर गुरुजी माझ्यापायी अक्षरशः कावले होते. "ही पोरगी तीन दिवस येते आणि पहिला नंबर काढते, सहा दिवस आली तर माझी नोकरी जाईल," असं ते म्हणायचे. शेवटी त्यांनीच या निवासी शाळेचा पत्ता काढला. पुण्यापासून एसटीनं पाच तास, डोंगराच्या पायथ्याला. शहरातल्या वस्त्यांमधल्या मुलींसाठी पाचवी ते दहावी, राहणं-जेवण-पुस्तकं सगळं फुकट. पाचवीत एकच जागा उरली होती. गुरुजींनी चिठ्ठी दिली. बाबा संबळ घेऊन जागरण-गोंधळाच्या हंगामावर गेलेले होते. जाताना म्हणाले होते, "हौसा म्हनंल ती पूर्व दिशा." म्हणजे सगळा कारभार आईच्या हातात. जागा मिळाली तर पुस्तक, नाही मिळाली तर टोपलं. मधलं काही नव्हतं.

स्वयंपाकघर झाल्यावर आम्हाला झोपायचा हॉल दाखवला. लोखंडी कॉटा दोन रांगांत मांडलेल्या. प्रत्येकीवर पट्ट्यापट्ट्यांची चादर, इतकी ताठ अंथरलेली की वर नाणं टाकलं तर उडावं. एक कॉट रिकामी होती. कालिंदीताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही शालनची." मी तिच्यावर बसून बघितलं. काही वाजलं नाही. मी दोनदा कूस बदलल्यासारखं करून बघितलं. तरी काही वाजलं नाही. मला एकदम हसूच आलं. आई मात्र चादरीला हात न लावता नुसती उभी राहिली. चादर उजेडात धरली नाही, शिवण ओढली नाही, काही म्हणाली नाही. तेव्हाच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण दहा वर्षांच्या पोरीला कॉट मिळाल्यावर दुसरं काय सुचणार?

मग ऑफिस. टेबलावर माझा फॉर्म, शेजारी शाईचं पॅड. कालिंदीताईंनी गुरुजींची चिठ्ठी वाचली, मला सतराचा पाढा विचारला, एक उतारा वाचायला लावला. मी घडाघडा वाचला. त्यांचा चेहरा उजळला.

"हौसाबाई, आम्हाला मुलगी पसंत आहे."

मी डोळे मिटले. धंद्यात असं बोलायचं नसतं. गिऱ्हाइकानं आधीच पसंत म्हटलं की संपलंच, आता आई पिळून घेणार.

"पोर चांगलीच हाय," आई म्हणाली. "त्ये आमास्नी ठावं हाय."

"राहणं, जेवण, कपडे, वह्या, औषधपाणी सगळं आमच्याकडे. तुम्हाला काही द्यावं लागणार नाही."

"आन पोर?"

"म्हणजे?"

"पोर द्यावी लागतीय की."

कालिंदीताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तसं नाही हो. सुट्टीत येईलच ना घरी. दिवाळीत तीन आठवडे आणि मे महिना पूर्ण."

"म्हयन्याला एकदा धाडा."

"नाही जमत. मधेमधे मुली घरी गेल्या की परत यायला नको म्हणतात. आमचा अनुभव आहे."

"मग दर ऐतवारी धाडा."

कालिंदीताई गोंधळल्या. "अहो, महिन्याला जमत नाही म्हटल्यावर दर रविवारी कसं जमेल?"

"मग रोज सांच्याला धाडा."

मी आईकडे बघितलं. हे काहीतरी नवीन होतं. आजवर मी आईला भाव खाली आणताना बघितलं होतं. तीन पँटींवरनं दोन पँटी आणि एक साडी, मग दोन पँटी आणि एक परकर, असं उतरत यायचं आणि मधे कुठेतरी गाठ पडायची. इथं ती वर वर निघाली होती. म्हटलं, मुख्याध्यापिका शिकलेली आहे, तिच्यासाठी वेगळा डाव असेल.

"रोज संध्याकाळी घरी? पुण्याला?"

"व्हय. सकाळच्याला मी आनून सोडते की."

"हौसाबाई, ही निवासी शाळा आहे. मुलींनी इथं राहायचं असतं."

"त्येच तर म्हन्ते मी. ऱ्हायाला घर हाय आमचं." आणि आईनं दुसरा मुद्दा काढला. "बरं, मग धाकट्यालाबी घ्या."

"केवढा आहे?"

"चार वर्साचा."

"पाचवीपासूनची शाळा आहे ही. आणि मुलींची."

"क्यास वाढवू त्याचं."

कोपऱ्यात उभा असलेला धोंडिबा शिपाई तोंडाला टॉवेल लावून बाहेर गेला. कालिंदीताई मात्र हसल्या नाहीत. त्या फार सज्जन होत्या, आणि सज्जन माणसाशी घासाघीस करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्या म्हणाल्या, "हौसाबाई, इथं नियम सगळ्यांना सारखे. कमी नाही, जास्त नाही."

आई उठली. पिशवी उचलली. पदर खोचला. आणि ते वाक्य म्हणाली, जे मी हजार दारांत ऐकलं होतं.

"ऱ्हाऊ द्या मग. न्हाई परवडत."

मी लगेच उठले. या वेळी चेहरा कसा ठेवायचा हे मला चांगलं शिकवलेलं होतं. तोंड पाडायचं नाही, मागे बघायचं नाही, जांभई देता आली तर उत्तम. मी एक बारीकशी जांभई दिली. कालिंदीताईही उठल्या, त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "बरं. तुमची इच्छा."

आता हे उठून जाणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. बोहारणीच्या धंद्यात सौदा बसून होतच नाही. तो होतो पाठ फिरवल्यावर. बोहारीण टोपलं उचलते, चालायला लागते. गिऱ्हाईक दारात उभं असतं. पहिल्या पावलाला त्याला राग असतो, तिसऱ्याला विचार पडतो, पाचव्याला ते कढई आठवून हळहळतं आणि सातव्या पावलाच्या आत हाक येते, "ओ भांडेवाली, इकडं या." आली हाक की निम्मा सौदा झाला. मात्र त्याचे कायदे आहेत. हाक घरच्या मालकिणीनं मारायची, पोराबाळानं मारलेली चालत नाही. हाकेशिवाय बोहारणीनं मागे फिरायचं नाही, फिरली तर तिची किंमत गेली. आणि हाक आली तर मात्र फिरायलाच हवं, मग कितीही राग असो. हाकेला पाठ दाखवली की धंदा बसतो. आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीनं एकदा हाकेला ओ दिली नाही, तर म्हणे तिच्या टोपल्यातल्या कपबश्या जागच्या जागी तडकल्या. खरंखोटं देव जाणे, पण आई हे अगदी मानायची.

तर मी पावलं मोजायला लागले. ऑफिसच्या उंबऱ्यापासून एक. व्हरांड्याच्या खांबाशी पाच. सहा. सात.

हाक नाही.

ठीक आहे, मी म्हटलं, शाळा मोठी आहे, घरापेक्षा अंतर जास्त धरायला हवं. पायऱ्या उतरलो. मैदानात आलो. वीस झाली, चाळीस झाली. अशा वेळी काय करायचं तेही ठरलेलं असतं. खाली वाकून चप्पल नीट करायची, टोपलं दुसऱ्या बाजूला घ्यायचं, घोटभर पाणी मागायचं. गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ द्यायचा. मैदानात एक नळ होता. मी आईचा पदर ओढला. "आई, पाणी मागू या."

"तहान न्हाई," आई म्हणाली आणि भराभरा चालत राहिली.

फाटकापर्यंत पोचलो तेव्हा माझी मोजणी चुकली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ बाई, थांबा." माझा जीव भांड्यात पडला. वळून बघते तर धोंडिबा शिपाई धावत येत होता. मी आईला म्हटलं, "आली हाक." आई थांबली तर नाहीच, तिनं आणखी पाय उचलला. शिपायाची हाक धरायची नसते, एवढं मलाही कळत होतं, पण निदान मंद तरी चालायचं.

धोंडिबानं आम्हाला रस्त्यावर गाठलं आणि हातात आमचा भाकरीचा डबा ठेवला. स्वयंपाकघरात राहिला होता.

"ताई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हनाल्या, उपाशी जातील बिचाऱ्या."

"आणि?"

"आनि काय? पिंपरीच्या एका पोरीचं नाव हाय खाली. तिला आता कार्ड टाकायचं. चारच्या टपालात जायाला पायजे." आणि तो आला तसा परत गेला.

एसटीचा थांबा फाटकापासून हाकेच्या अंतरावर होता. चिंचेखाली एक दगड. आई शाळेकडे पाठ करून दगडावर बसली. मी उभीच राहिले. मला राग आला होता, आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं.

"तू फाटकाशी थांबली का नाहीस?"

"कशापायी थांबू?"

"चप्पल नीट करायची असते."

"चप्पल नीटच हाय माजी."

"आणि भाव वर का नेलास? महिन्यावरनं रविवार, रविवारावरनं रोज. असं कोण करतं?"

आईनं डब्याचं झाकण उघडलं, भाकरी बघितली, झाकण लावलं. आणि मला एकदम तिच्या टोपल्यातलं तांब्याच्या बुडाचं पातेलं आठवलं. वर्षभर ते टोपल्यात होतं. आईला ते फार आवडायचं. रोज चकचकीत पुसून सगळ्यात वर ठेवायची, कारण त्याच्याकडे बघून बायका थांबायच्या. एखादी विचारायचीच, ह्याचं काय घेणार? आई म्हणायची, तीन जरीच्या साड्या. शनिवार पेठेतली एक बाई हट्टाला पेटली आणि खरोखर तीन जरीच्या साड्या आणून तिनं पुढ्यात टाकल्या. तेव्हा आई म्हणाली, तीन न्हाई, चार म्हनाले मी. असं तिनं तेवढ्या एका पातेल्याच्याच बाबतीत केलं होतं. जे द्यायचं नसतं त्याचा भाव वर जातो.

"तुला मला द्यायचंच नाहीये," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायला तिला काय लागत होतं? धंद्यात ती दिवसाला शंभर थापा मारायची. पण ती म्हणाली, "न्हाई."

"मग आलीस कशाला? पाच तासांची एस्टी करून?"

"सकाळच्याला द्यायची हुती. ती कॉट बघितली, तवा न्हाई वाटलं." तिनं नाक ओढलं. "काय अंथरलीवती गं. त्या कॉटवर निजलेली पोर परत पोत्याला टेकंल व्हय? दिवाळीला यील, चार दिस ऱ्हाईल, आन म्हनंल, आई, तुज्या घरात लई आवाज हाय."

"मी नाही म्हणणार."

"म्हनशील. म्हनायलाच पायजे. न्हाई म्हनलीस तर शिकून काय उपेग?" आणि मग तिला एकदम संताप आला. "आन त्यांचं काय जातंय? फुकट, फुकट. फुकट आलेलं भांडं कुनी घासतं का? तू ऱ्हायलीस काय, गेलीस काय, त्यांस्नी सारखंच. एवढी पोर उठून चालली, तर बाई हात जोडून म्हन्ती, तुमची इच्छा. एक हाक मारवंना तिला. जुन्या पँटीला हाक मारत्यात लोकं, माज्या पोरीला न्हाई मारली."

मला रडू फुटलं. शहाणपणाचं काही सुचेना, तेव्हा जे होतं तेच बोलले. "मला जायचंय आई. मला टोपलं नको. तू आवडतेस मला, पण टोपलं नको."

लांब डोंगराच्या वळणावर एसटीचा धुरळा दिसायला लागला.

"मग मी काय करू?" आई शेवटी म्हणाली. आवाज पार उतरला होता. "मला फिरता येत न्हाई. हाकेबिगर कवा फिरले न्हाई मी."

मी पळत सुटले. फाटक, मैदान, पायऱ्या, एका दमात ऑफिस. कालिंदीताई पोस्टकार्डावर पिंपरीचा पत्ता लिहीत होत्या.

"ताई, हाक मारा."

"कुणाला?"

"आईला. एस्टी आली. तुम्ही हाक मारली की ती येणार. तिला यावंच लागतं."

"अगं, पण त्यांची इच्छा नाही. आईच्या मनाविरुद्ध मी मुलगी ठेवून घेत नाही कधी. मला वाटलं, थांबवणं बरं दिसणार नाही." त्या बाईचा बिचारीचा तो मोठेपणा होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे हाक मारणं म्हणजे मान, त्यांच्याकडे जाऊ देणं म्हणजे मान. दोघीही आपापल्या जागी सभ्यपणे वागत होत्या आणि मधल्यामध्ये माझी कॉट चालली होती.

मी त्यांचा हात धरला आणि ओढलं. मुख्याध्यापिकेला ओढायचं नसतं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. फाटकाशी मथुराबाई भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बाजूला व्हा ताई, मी मारते हाक. माझी हाक खोऱ्यापलीकडं जाते."

"नाही चालत," मी म्हटलं. "मालकिणीनंच मारायची."

कालिंदीताई फाटकाबाहेर दोन पावलं गेल्या, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "अहो हौसाबाई, जरा येता का?"

शेजारच्या तारेवर एक चिमणी बसली होती. तीसुद्धा उडाली नाही.

"तसं नाही," मी म्हटलं. "नाव घ्यायचं नाही. ओ भांडेवाली, म्हणायचं."

"अगं, असं कसं म्हणू? बरं दिसतं का ते?"

"तिला आवडतं. आणि जरा रागानं म्हणायचं."

"रागानं?"

"हो. म्हणजे मला गरज नाही तुझी, पण ये, बघू या, असं."

"पण मला गरज आहे," कालिंदीताई म्हणाल्या. हे त्या माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "इतकं छान वाचणारी मुलगी मला चार वर्षांत मिळालेली नाही."

"मग जोरात," मी म्हटलं.

एसटी थांब्यावर उभी राहिली. दार उघडलं. आईनं पिशवी उचलली. कालिंदीताईंनी पदर खोचला, हे त्यांनी बहुधा आईचं बघून केलं असावं, आणि ओरडल्या, "ओ भांडेवाली." आवाज चिरकला, पण निघाला. वर्गांच्या खिडक्यांत मुली गोळा झाल्या. गणिताचे मास्तर खडू घेऊन व्हरांड्यात आले. या बाईंना मोठ्यानं बोलताना त्या शाळेत कुणी ऐकलेलं नव्हतं.

आईचा एक पाय एसटीच्या पायरीवर होता. ती थबकली. पण वळली नाही.

"परत," मी म्हटलं.

कालिंदीताई आता रस्त्यावरच आल्या. चष्मा नाकावर घसरला होता. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पोटातून ओरडल्या, "ओ भांडेवाली. इकडं या. बोलायचंय मला."

भाजीवाला म्हणाला, "आयला." मथुराबाईंनी त्याला गप्प केलं.

कंडक्टरचा आवाज आम्हाला इथपर्यंत ऐकू आला. "बाई, चढताय का घंटी मारू?"

आईनं पाय खाली घेतला. एसटी गेली. धुरळा बसेपर्यंत आई दिसत नव्हती आणि तेवढ्यात मी मेले नाही हेच नशीब. मग ती दिसली. संथ चालत येत होती. अगदी संथ, जशी पेठेतल्या मालकिणीनं बोलावल्यावर यायची, घाई न दाखवता, मान ताठ. मधे थांबून तिनं चप्पलसुद्धा नीट केली.

परत ऑफिसात आलो. आई खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बोला. काय म्हन्ता?"

कालिंदीताईंना धाप लागली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुजबुजले, "आता तुम्ही थोडं वाढवायचं असतं."

कालिंदीताईंनी विचार केला. खोटं वाढवून सांगणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "हौसाबाई," त्या म्हणाल्या, "मला वाढवता येत नाही. दिवाळी आणि मे, एवढंच आहे माझ्याकडे. पण मुलगी मला हवी आहे. तुम्ही गेल्यावर मी इथं बसून हळहळले. त्या पिंपरीच्या मुलीचं कार्ड दोनदा चुकलं."

"म्हंजे इच्यासाठी हाक मारली तुमी?"

"हो."

"भर रस्त्यात?"

"हो. गणिताच्या मास्तरांनीसुद्धा ऐकलं." आणि कालिंदीताई लाजल्या.

आईनं माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसं काही मी कुणीतरी दुसरीच होते. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्यातच डोळेही पुसले. मला वाटलं, आता ती सुरू होणार. निदान दसऱ्याचा एक दिवस तरी मागून घेणार. हाक आल्यावर बोहारीण वरचढ असते, काहीतरी मिळतंच.

"बरं," आई म्हणाली.

मी वाट बघितली. पुढे काही नाही. पहिल्याच भावाला हो. पस्तीस वर्षं होऊन गेली त्याला, त्याआधी आणि त्यानंतर तिनं असं कधीही केलेलं मी बघितलं नाही. मला राहवेना. मी तिच्या कानाशी लागले. "आई, अगं अजून माग की. सहामाहीला दोन दिवस तरी सोडतील."

"गप," आई म्हणाली आणि शाईच्या पॅडकडे अंगठा पुढे केला. "सौदा मोडंल."